चिमटा कळला नाही, हवा कळली : इंदूरमधील एका पोटदुखीचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील रुग्णा ३६ वर्षांच्या असून इंदूरच्या पश्चिम भागातील एका शाळेत गणित शिकवतात. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि शाळेत मुले हाक मारतात त्याप्रमाणे या लेखात त्यांना ‘बाई’ असेच म्हटले आहे. घरी पती, सासूबाई आणि सहावीत शिकणारी मुलगी. सासरे हयात असल्यापासून मी या घराचा फॅमिली डॉक्टर आहे, त्यामुळे पुढे जे घडले त्यातील काही निर्णय माझे आहेत आणि एक ठळक चूकही माझीच आहे.

मे महिन्याच्या अखेरीस देवासला नात्यातल्या एका मुंजीला हे सारे कुटुंब गेले होते. जेवून परतल्यावर दुसऱ्या दिवशी घरातल्या चौघांना आणि सोबत गेलेल्या दोन नातेवाइकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. पाच जण चार-सहा दिवसांत बरे झाले. बाईंना मात्र ताप चढला, शौचातून आव पडू लागली आणि दोन दिवस सलाइनसाठी दाखल करावे लागले. जूनच्या मध्यावर शाळा उघडली तेव्हा जुलाब थांबले होते, भूक परत आली होती आणि माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

समस्या

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाई पुन्हा आल्या. शाळेची वेळ सकाळी साडेसातची; त्याआधी तीन-चार वेळा शौचाला जावे लागे, प्रत्येक वेळी आधी बेंबीभोवती मुरडा येई आणि शौच झाल्यावर तो निम्म्याने उतरे. दुपारी जेवणानंतर अर्ध्या तासात पोट फुगून कळ सुरू होई. डबा अर्धा परत येऊ लागला होता, कारण खाल्ले नाही तर दुखत नाही हे त्यांनी स्वतःच शोधून काढले होते. तीन महिन्यांत वजन ५८ किलोवरून ५३ वर आले होते.

“नक्की कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा,” असे मी म्हटले. बाईंनी बोट उचलले, क्षणभर पोटावर फिरवले आणि मग पूर्ण तळवा बेंबीवर ठेवून गोल फिरवला. “असं सगळीकडे,” त्या म्हणाल्या. बोट न सापडणे हीदेखील एक माहिती असते, पण तिच्याकडे नंतर येऊ.

तपासण्यासाठी पदर बाजूला केल्यावर पोटावर तपकिरी रंगाची जाळी दिसली. मासे पकडण्याच्या जाळ्यासारखी, डाव्या बाजूला अधिक गडद. हे डाग गरम पाण्याच्या पिशवीचे होते. कातडी भाजून फोड येईल इतकी उष्णता नसते, पण महिनोन्‌महिने रोज तीच जागा शेकली की असे डाग पडतात. बाईंनी त्याविषयी एक शब्दही काढला नव्हता. रोज रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर त्या पिशवी घेऊन झोपत होत्या आणि हे पतीलाही ठाऊक नव्हते. आजवर झालेल्या कोणत्याही तपासणीपेक्षा या डागांनी मला त्यांच्या दुखण्याविषयी अधिक सांगितले, असे आजही वाटते.

जागेवरच करता येणारी एक साधी परीक्षा केली. दुखणाऱ्या जागी माझे बोट दाबून ठेवले आणि बाईंना हात न टेकता मान व खांदे उचलायला सांगितले. असे केल्याने पोटाचे स्नायू ताठ होतात. दुखणे स्नायूंत किंवा पोटाच्या भिंतीतल्या मज्जातंतूत असेल तर ते वाढते. आतल्या अवयवाचे असेल तर ताठ स्नायूंची ढाल मध्ये आल्याने ते कमी होते. कार्नेट या शल्यविशारदाने १९२६ मध्ये वर्णन केलेली ही परीक्षा बिनखर्चाची आहे आणि तरीही फार थोड्या वेळा केली जाते. बाईंचे दुखणे कमी झाले. म्हणजे कळ आतूनच येत होती.

पहिले वळण : अपेंडिक्स

ऑक्टोबरमध्ये एका रात्री उजव्या बाजूला तीव्र कळ आली म्हणून पतीने बाईंना जवळच्या खासगी रुग्णालयात नेले. सोनोग्राफीत अपेंडिक्स ‘किंचित जाड’ दिसले आणि सकाळीच शस्त्रक्रिया उरकून घ्यावी असे सुचवण्यात आले. मला रात्री एक वाजता फोन आला.

अपेंडिक्सचे दुखणे बहुधा आधी बेंबीजवळ अस्पष्ट असते आणि काही तासांनी उजवीकडे खाली एका जागी स्थिरावते. ही जागा बदलते त्याला कारण आहे: सुरुवातीची कळ आतड्याच्या स्वतःच्या तंतूंतून येते आणि मोघम असते, सूज पोटाच्या आतल्या आवरणापर्यंत पोहोचली की तेथील तंतू, जे कातडीच्या तंतूंप्रमाणे नेमकी जागा सांगतात, ते बोलू लागतात. बाईंची कळ याउलट आधी उजवीकडे होती आणि पहाटेपर्यंत पुन्हा बेंबीकडे सरकली. ताप नव्हता, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या. दर काही तासांनी पोट तपासत २४ तास थांबावे असे ठरले. दुसरी सोनोग्राफी स्वच्छ आली आणि बाई घरी परतल्या.

दुसरे वळण : टीबीचा संशय

घटलेले वजन हे दुर्लक्ष करण्याजोगे लक्षण नव्हते. रक्त, थायरॉइड, गव्हाच्या असहिष्णुतेची रक्तचाचणी, छातीचा एक्स-रे, शौचाची तपासणी हे सारे झाले. शौचातील कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यात दाह असल्यास वाढणारे प्रथिन, १४० आले. साधारणपणे ५० च्या आत असल्यास ते सामान्य मानतात. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये पोटविकारतज्ज्ञांनी कोलोनोस्कोपी केली. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात तीन-चार बारीक व्रण दिसले. सीटी स्कॅनमध्ये आतड्याजवळच्या काही गाठी आठ-नऊ मिलिमीटरच्या होत्या.

आपल्याकडे या चित्रावर पहिला शब्द उमटतो तो ‘पोटाचा टीबी’, आणि तो उमटणे अवाजवीही नाही, कारण त्याच जागी, तसेच व्रण टीबीत आणि क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारात होऊ शकतात. बायोप्सीत टीबीची खास चिन्हे सापडली नाहीत, जंतूंची चाचणी नकारात्मक आली. तरीही प्रयोगादाखल टीबीची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून पाहावे असा एक पर्याय तज्ज्ञांनी मांडला. सासूबाईंना तो पटला. “निदान काहीतरी सापडलं तरी,” हे त्यांचे शब्द मला अजून आठवतात. आजाराचे नाव मिळाल्याने घराला दिलासा मिळतो, मग ते नाव चुकीचे का असेना.

निर्णय अडला तो एका साध्या प्रश्नावर. तुम्ही दुकानातून कोणत्या गोळ्या घेता, असे मी बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी पर्समधून एक अर्धी संपलेली पट्टी काढली. कंबरदुखीसाठी एकदा दिलेली डायक्लोफेनॅकची ती गोळी त्या जुलैपासून पोटदुखीसाठी आठवड्यातून चार-पाच वेळा घेत होत्या. या जातीच्या वेदनाशामकांनी लहान आतड्यात नेमके असेच बारीक व्रण होतात आणि कॅलप्रोटेक्टिनही वाढते. तज्ज्ञांशी फोनवर बोललो. ताप नाही, रात्रीचा घाम नाही, छाती स्वच्छ आहे, तेव्हा ही गोळी पूर्ण बंद करून आठ आठवडे थांबावे आणि दर पंधरवड्याला वजन पाहावे, यावर आमचे एकमत झाले. जानेवारीत कॅलप्रोटेक्टिन ३८ आले आणि वजन किलोभर वाढले होते. सहा महिन्यांच्या औषधांचा आणि त्यांच्या यकृतावरील भाराचा प्रश्न तेथेच मिटला.

पोट मात्र दुखतच होते.

चिमटा आणि हवा

कोलोनोस्कोपीनंतर चार दिवसांनी फाइल दाखवायला आलेल्या बाईंनी एक गोष्ट सांगितली होती. गुंगीचे औषध हलकेच दिले असल्याने त्यांना बरेच कळत होते. “तुकडे काढण्यासाठी चिमटे घेतले तेव्हा काहीच जाणवलं नाही, पण त्यांनी हवा भरायला सुरुवात केली आणि माझा जीव गेला,” असे त्या म्हणाल्या. मी ते वाक्य केसपेपरवर लिहून ठेवले. या सगळ्या प्रकरणाचे उत्तर त्या एका वाक्यात होते आणि मी ते पाच महिने केसपेपरवर तसेच पडू दिले.

आतड्याला कापल्याचे किंवा भाजल्याचे दुःख कळत नाही. दुर्बिणीतून गाठ काढली तरी रुग्णाला ते समजत नाही. आतड्याला कळतो तो ताण: भिंत फुगणे, आतड्याचा पडदा ओढला जाणे, स्नायूंचा जोराचा पीळ, रक्तपुरवठा तुटणे आणि दाह. कातडीचे काम बाहेरच्या सुरीपासून वाचवण्याचे आहे. आतड्यापर्यंत सुरी पोहोचण्याची वेळ सहसा येत नाही, अडथळ्याची आणि सडण्याची येते, तेव्हा त्याचे पहारेकरीही त्याच कामाचे आहेत.

हे पहारेकरी दोन वाटांनी निरोप धाडतात. एक वाट व्हेगस या मज्जातंतूची. त्यातील सुमारे ८० टक्के तंतू मेंदूकडून पोटाकडे नव्हे, तर पोटाकडून मेंदूकडे जातात. भूक, पोट भरल्याची जाणीव, मळमळ हे निरोप प्रामुख्याने त्या वाटेने जातात. वेदनेचा निरोप मुख्यतः दुसऱ्या वाटेने, मज्जारज्जूतून जातो. हे तंतू बहुतांश बारीक आणि वेष्टण नसलेले असतात. त्यातून संदेश सेकंदाला एक-दोन मीटर एवढ्याच वेगाने सरकतो. शिवाय पोटाच्या अवयवांतून येणारे तंतू संख्येने थोडे, पण मज्जारज्जूत शिरल्यावर वरखालच्या अनेक पातळ्यांवर पसरणारे असतात आणि तेथे कातडीकडून आलेल्या तंतूंच्याच पेशींना जाऊन मिळतात. त्यामुळे निरोप कोणाचा हे मेंदूला नेमके उमगत नाही. बाईंना बोट ठेवता आले नाही आणि तळवा फिरवावा लागला तो याचमुळे.

आतड्याच्या भिंतीत याखेरीज स्वतःची अशी दहा कोटींहून अधिक चेतापेशींची जाळी असते. अन्न पुढे ढकलणे, पाणी सोडणे-शोषणे हा रोजचा कारभार ती मेंदूला न विचारता चालवते. वेदना जाणवून देणे हे मात्र तिचे काम नाही; वेदना होते ती निरोप मज्जारज्जूवाटे वर पोहोचल्यावरच.

आता बाईंच्या आतड्यात मुंजीच्या जेवणानंतर काय घडले असावे? अस्तरातील खास पेशी ताण आणि रसायने टिपून सिरोटोनिन हे निरोप पोहोचवणारे रसायन सोडतात. शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक सिरोटोनिन आतड्यात असते ते यासाठीच. दाहाच्या काळात या पेशी आणि मज्जातंतूंना खेटून बसलेल्या मास्ट या रोगप्रतिकारक पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात. त्यांच्या माऱ्याने तंतूंचा उंबरठा, म्हणजे किती ताणाला निरोप धाडायचा ती पातळी, खाली येतो. काही तंतू तर असे असतात, की निरोगी आतड्यात ते कितीही ताणाला गप्प बसतात आणि दाहानंतरच बोलू लागतात. जंतू निघून जातात, अस्तर भरून येते, दुर्बिणीत सारे गुलाबी दिसते, पण खाली आलेला उंबरठा काहींच्या बाबतीत खालीच राहतो. आतड्याच्या जंतुसंसर्गानंतर साधारण दहांतील एकाला अशी दीर्घकाळची आयबीएस होते, म्हणजे तपासणीत व्रण किंवा सूज न दिसता पोट दुखत राहण्याची आणि शौच बिघडण्याची व्याधी. मोठा ताप, रक्त किंवा आव, आणि स्त्री असणे यांमुळे ही शक्यता वाढते. मुंजीला गेलेल्या सहा जणांत ती बाईंच्या वाट्याला आली.

उंबरठ्याची ही गोष्ट नवी नाही. १९७३ मध्ये रिची या संशोधकाने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा सरकवून त्यात हवा भरली. ६० मिलिलिटर हवेला निरोगी लोकांपैकी ६ टक्क्यांना वेदना झाली; आयबीएसच्या रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना. बाईंनी कोलोनोस्कोपीच्या टेबलावर, कोणी न सांगता, तोच प्रयोग स्वतःवर अनुभवला होता.

इंदूरकर म्हणून येथे मिरचीविषयी थोडे लिहावेच लागेल. मिरचीतील कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य मज्जातंतूवरील ज्या ग्राहीवर, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनावर, बसते तोच ग्राही सुमारे ४३ अंशांपुढच्या उष्णतेलाही प्रतिसाद देतो. तो १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला आणि २०२१ चे नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळाले, ज्यांनी दाब ओळखणारे ग्राही शोधले होते. आयबीएसच्या काही रुग्णांच्या अस्तरात मिरचीचा हा ग्राही असलेले तंतू जास्त संख्येने आढळले आहेत. बाई जन्मभर तिखट शेव टाकलेले पोहे खाऊन शाळेत गेल्या होत्या. तीच शेव आता का बाधते, हा त्यांचा प्रश्न मी सुरुवातीला हसण्यावारी नेला होता.

विचारात घेतलेले पर्याय

जानेवारीत आमच्यापुढे चार वाटा होत्या. पहिली, आणखी तपासण्या: कॅप्सूलमधला कॅमेरा, पोटाचा एमआरआय. कुटुंबाचा ओढा तिकडे होता. मी नको म्हटले, कारण वजन वाढू लागले होते, रक्त ठीक होते आणि रात्री झोपेतून उठवणारे दुखणे नव्हते. प्रत्येक नव्या तपासणीत एखादी निरुपद्रवी गाठ सापडते आणि तिच्यामागे पुन्हा दोन महिने जातात.

दुसरी वाट अधिक जोरदार वेदनाशामकाची. पतीच्या एका मित्राने ट्रामाडॉल सुचवले होते. अफूच्या कुळातली ही औषधे आतड्याची हालचाल मंदावतात आणि दीर्घकाळ घेतल्यास वेदनेची संवेदना उलट वाढवू शकतात. ती वाट तेथेच बंद केली.

उरलेल्या दोन एकमेकींना पूरक होत्या: आतड्यावर पडणारा ताण कमी करणे, म्हणजे वायू कमी करणारा आहार, आणि तंतूंचा उंबरठा वर नेणे, म्हणजे अमिट्रिप्टिलीन अगदी अल्प मात्रेत. हे औषध नैराश्यासाठी आले. तेथे त्याची मात्रा पुष्कळ मोठी असते. १० मिलिग्रॅमच्या मात्रेत ते वेदनेच्या संदेशवहनाला आवर घालते आणि सैल पोटाची गतीही थोडी मंदावते. इंग्लंडमध्ये सामान्य डॉक्टरांकडे येणाऱ्या ४६३ रुग्णांवर १० ते ३० मिलिग्रॅम मात्रेची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सहा महिन्यांनी औषध घेणाऱ्यांची लक्षणे औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी होती.

केलेली कृती, आणि चूक

हृदयाचा आलेख काढून मी अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम रात्री झोपण्याआधी लिहून दिले. बाहेर बारा रुग्ण बसले होते. “रात्री एक घ्या, महिन्याने या,” एवढेच बोललो.

पाचव्या दिवशी पतीने मोबाइलवर गोळीचे नाव शोधले. पहिल्याच ओळीत ‘नैराश्यावरील औषध’ असे आले. त्या रात्री घरात काय बोलणे झाले ते बाईंनी मला खूप नंतर सांगितले. सासूबाई वाईट स्वभावाच्या नाहीत, पण “डॉक्टरांना आधीच कळलं असेल, आपणच उगाच पोट-पोट करत होतो,” असे त्या म्हणून गेल्या. बाईंनी गोळी बंद केली आणि माझ्याकडे येणेही. “आठ महिने मी दुखतंय म्हणत होते आणि तुम्ही मला न सांगता वेडी ठरवलंत,” हे त्यांचे एप्रिलमधले पहिले वाक्य होते. मधल्या काळात मार्चच्या परीक्षा आल्या, पेपर तपासताना दुखणे वाढले, डायक्लोफेनॅकची पट्टी पुन्हा पर्समध्ये आली होती.

मी माफी मागितली. मग केसपेपर मागे उलटत नेला आणि नोव्हेंबरमधले त्यांचेच वाक्य त्यांना वाचून दाखवले. चिमटा कळला नाही, हवा कळली. आतड्याचे तंतू काय ओळखतात, ते कागदाच्या पाठीमागे रेघा ओढून समजावले. “तव्यावर बोट भाजलं की दोन दिवस कोमट पाणीही चटका देतं,” असे मी म्हटले, “पाणी तेवढंच कोमट असतं, पण बोट तेच राहिलेलं नसतं.” गणिताच्या शिक्षिकेने लगेच विचारले, “म्हणजे आलेख तोच, फक्त आरंभबिंदू सरकला?” मला याहून चांगले सांगता आले नसते. मग मनाचा भागही सांगितला, कारण तो लपवणे हीच आधीची चूक होती: मेंदूतून मज्जारज्जूत उतरणारे तंतू खालून येणाऱ्या वेदनेचे दार कमी-अधिक उघडतात, भीती, जागरण आणि दुखण्यावर लागलेले लक्ष यांमुळे ते दार अधिक उघडे राहते. याचा अर्थ दुखणे मनात आहे असा होत नाही. ही सारी बैठक ४० मिनिटांची होती आणि पती व सासूबाई दोघेही समोर होते.

औषध त्याच मात्रेत पुन्हा सुरू झाले, तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम झाले. तोंड कोरडे पडणे आणि पहिल्या आठवड्यातली सकाळची गुंगी यांविषयी या वेळी आधीच बोललो होतो. आहारात पाच आठवडे कांदा, लसूण, गहू, राजमा-छोले आणि दूध बंद. त्याऐवजी ज्वारीची भाकरी, भात, मुगाच्या डाळीचे थोडे वरण, हिंगाची फोडणी. कांदा, लसूण आणि गहू यांतील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत आणि पुढे जंतू त्या आंबवून वायू करतात. निरोगी आतड्याला तेवढा वायू जाणवतही नाही. यादी ऐकून सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे चातुर्मासच पाळायचा की, दोन महिने आधी!” या एका वाक्याने आहाराचा प्रश्न घरात जितका सोपा झाला तितका माझ्या छापील तक्त्याने झाला नसता. सहाव्या आठवड्यापासून एकेक पदार्थ परत आणला. गहू बाधला नाही, दूध थोडे बाधले, कच्चा कांदा ठळकपणे बाधला.

याशिवाय दिवसातून दोनदा दहा मिनिटे पोटाने संथ श्वसन, आणि एका मानसतज्ज्ञांकडे सहा बैठका. त्या बैठकांना बाई स्वतःहून गेल्या. मी फक्त नाव सुचवले होते.

परिणाम

एप्रिलमध्ये महिन्यातील २४ दिवस दुखत होते, ते जूनमध्ये १३ आणि सप्टेंबरमध्ये ७ झाले. वजन ५७ किलोवर आले. जुलैत पावसाळी जुलाबाने पुन्हा दहा दिवस खाली ओढले. तेव्हा घाबरून तपासण्यांकडे न वळता हाच उंबरठा पुन्हा थोडा सरकला आहे असे समजून त्यांनी ते दिवस काढले आणि मला नंतर सांगितले. शेव बंद झालेली नाही, रविवारपुरती आहे. पोटावरची तपकिरी जाळी फिकट झाली आहे, गेलेली नाही.

वेगळे काय करता आले असते

जूनमध्ये जुलाब थांबले तेव्हा मी फाइल मिटवली. आव आणि तापासह झालेल्या संसर्गानंतर, सहा-आठ आठवड्यांनी पोट कसे आहे ते पाहायला या, असे एक वाक्य तेव्हा बोललो असतो, तर डायक्लोफेनॅकची पट्टी पर्समध्ये गेली नसती आणि मग व्रण, कॅलप्रोटेक्टिन, टीबी ही साखळीही बहुधा घडली नसती. दुकानातल्या गोळ्यांचा प्रश्न मी नोव्हेंबरमध्ये विचारला. तो सप्टेंबरमध्ये, पोटावरचे डाग दिसले त्याच क्षणी विचारायला हवा होता. जी बाई रोज रात्री पिशवीने पोट शेकते, ती आणखीही काही करत असणार, हे उघड होते.

कोलोनोस्कोपी करण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. वजन घटले होते आणि ते केवळ भीतीने कमी खाल्ल्यामुळे घटले हे आधी ठरवणे धोक्याचे झाले असते. मात्र तपासणीला पाठवतानाच, ती स्वच्छ आली तर त्याचा अर्थ काय घ्यायचा हे बोलून ठेवायला हवे होते. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर तेच स्पष्टीकरण सांगितले, तर ते सारवासारव वाटते.

अमिट्रिप्टिलीनबाबत माझ्या दोन सहकाऱ्यांचे मत वेगळे आहे. औषधाचा जुना उपयोग आधी सांगितला तर निम्मे रुग्ण चिठ्ठी घेऊनच परत येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. बाईंच्या बाबतीत न सांगण्याची किंमत तीन महिने होती. आता मी चिठ्ठीवर औषधाच्या नावाखाली ‘पोटाच्या मज्जातंतूंसाठी, अल्प मात्रा’ असे मराठीत लिहितो आणि मोबाइलवर काय दिसेल तेही आधीच सांगतो.

गेल्या आठवड्यात बाई सासूबाईंचा रक्तदाब दाखवायला आल्या होत्या. स्वतःची फाइल आणली नव्हती. गोळी कधी बंद करायची असे त्यांनी जाता जाता विचारले. वार्षिक परीक्षा आटोपल्यावर, उन्हाळ्याच्या सुटीत, आधी १० वर आणि मग महिन्याने बंद, असे ठरले आहे. त्या महिन्यात नात्यात पुन्हा एक मुंज आहे, या वेळी उज्जैनला.